रात्री दोनला सुचलेल्या कल्पना

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

आमचं गिरगावात पोळीभाजी आणि फराळाचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं. ते गेल्यापासून मी आणि दादा चालवतो. मी स्वयंपाकघर आणि काउंटर बघतो, खरेदी आणि हिशेब दादाकडे. पूर्वी संध्याकाळी रांग लागायची. आता महिनाअखेरीस पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे पगार द्यायचे म्हटले तरी ओढाताण होते. मेट्रोचं खोदकाम सुरू झालं, रस्ता बंद, सगळीकडे धूळ, तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं. मेट्रो झाली की सगळं सुरळीत होईल असं वाटायचं. मेट्रो सुरू झाली, पण लोक परत आले नाहीत. आता पार्किंगच नाही आणि लोकांची सवयही मोडली. चाळीचं रिडेव्हलपमेंट झालं तर काहीतरी फरक पडेल.

मी हातावर हात ठेवून बसणारा माणूस नाही. मला सारखं काहीतरी सुचत असतं, बहुतेक वेळा रात्री दोन-अडीचला, नाहीतर बोरिवलीहून येताना लोकलमध्ये. सुचलं की डोक्यात एकदम लख्ख होतं. ॲपवरून डिलिव्हरी सुरू केली. नाचणी-ज्वारीचे पदार्थ ठेवले. रील्स केल्या. वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून काउंटर फिरवला. फराळाचे गिफ्ट बॉक्स काढले. प्रत्येक वेळी वाटलं, हेच ते! दोन महिन्यांत हवा निघून गेली. एकच गोष्ट चालली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी अर्धा डबा. तोही असाच, दादर गेल्यावर गाडीत अचानक सुचला. बायको संध्याकाळी काउंटरला असते. ती त्याआधी बरेच दिवस कुरकुरत होती की आज्यांना भाजी संपत नाही, म्हणून त्या एकाआड एक दिवस येतात.

आता माझ्या लक्षात आलंय की मूळ घोळ दुकानाच्या नावात आहे. बाबांच्या वेळचं नाव जुनाट वाटतं. नवीन नाव आणि एलईडीची पाटी करायचीय. परवा रात्री हे सुचलं तेव्हा झोपच लागली नाही. पाटीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय. बायको म्हणते, "तुम्हाला काही सुचलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही स्वतःलाच फसवताय." मला राग आला, पण वाक्य डोक्यातून जात नाही. सुचतं ते खरं की आपण स्वतःला फसवतोय, हे माणसाने ओळखायचं कसं? हिशेबाची वही दादाच्या ताब्यात असते, मी त्यात पडत नाही, घरात वाद नकोत. पाटी करू की नको?

– एक दुकानदार, गिरगाव

नमस्कार.

पाटीचं आधी सांगते. सध्या ॲडव्हान्स देऊ नका. पाटीवाला कुठे पळून जात नाही. शिवाय दुकान दोघा भावांचं आहे आणि नाव वडिलांनी दिलेलं आहे. ते बदलायचं चाललंय हे दादांना माहीत आहे का? एवढ्या मोठ्या पत्रात त्याचा साधा उल्लेख नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. खरं सुचलेलं आणि फसवं सुचलेलं यांतला फरक आतून कळतो का? माझ्या मते कळत नाही. डोक्यात लख्ख होणं, झोप उडणं, 'हेच ते' म्हणत उठून बसणं, हे दोन्ही वेळा अगदी सारखंच होतं, आणि ते भल्याभल्यांचं होतं. आंरी प्वांकारे हा फ्रान्सचा मोठा गणिती. बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी एका अवघड गणिताची किल्ली त्याला सापडली, ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. प्रेरणेवर भाषण देणारे लोक ती फार रंगवून सांगतात. पण १९०८ साली पॅरिसमधल्या ज्या व्याख्यानात त्याने ती सांगितली, त्यातच पुढे तो म्हणतो की अशा वेळी वाटणारी पक्की खात्री पुष्कळदा दगा देते. दगा देते तेव्हाही ती तितकीच जोरकस असते, आणि सिद्धता मांडायला बसलं की मगच ते कळतं. हा अनुभव त्याला विशेषकरून कुठे आला? सकाळी किंवा रात्री अंथरुणात, अर्धवट झोपेत सुचलेल्या गोष्टींबाबत. बसच्या पायरीवरची ती कल्पनासुद्धा त्याने परतल्यावर निवांत बसून तपासली होती. तुमची वेळ रात्री दोन-अडीचची असते, एवढं फक्त नोंदवून ठेवते.

आणखी एक छोटी गोष्ट. १९८६ मध्ये जॅनेट मेटकाफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना कोडी घातली आणि ती सोडवत असताना दर दहा सेकंदांनी त्यांना विचारलं, उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय? ज्यांना 'आलं, आलं, जवळ आलं' असं चढत्या क्रमाने वाटत होतं, त्यांची उत्तरं चुकण्याकडे कल होता. ज्यांचं बरोबर आलं त्यांना बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत काही चाहूलच नव्हती.

तेव्हा आत काय वाटतं ते सोडून द्या आणि कल्पनेकडे बाहेरून बघा. त्यासाठी लांब जायला नको, तुमच्या पत्रातच दोन्ही नमुने शेजारी शेजारी आहेत.

अर्धा डबा घ्या. त्याच्या आधी तुमचा प्रश्न होता, 'जास्त लोक कसे येतील?' आणि मनात एक समजूत होती, की माणूस रोज येत नाही म्हणजे त्याला आपलं जेवण आवडत नाही, किंवा परवडत नाही. अर्ध्या डब्याने ही समजूत मोडली. आज्यांना जेवण आवडत होतं, फक्त ते जास्त होत होतं. प्रश्नच वेगळा झाला: 'जी व्यक्ती आपल्याकडे येते, ती मधला एक दिवस का गाळते?' प्रश्न असा पालटला की उत्तर पुष्कळदा समोरच पडलेलं असतं. दोन पोळ्या, अर्धी भाजी, त्यात अक्कल कसली लागते? अक्कल आधीच्या पायरीला लागली.

आता उरलेल्या कल्पना एका दमात वाचा. ॲप, नाचणी, रील्स, काउंटरची दिशा, गिफ्ट बॉक्स आणि आता पाटी. या सगळ्यांत प्रश्न तोच राहिला: लोकांना आत कसं खेचायचं. आणि एक समजूत प्रत्येक वेळी शाबूत राहिली, की दुकानाच्या आत सगळं ठीक आहे, गडबड बाहेर आहे. सुचलेल्या गोष्टीने आपली एखादी लाडकी समजूत मोडली, तर तिच्यात काहीतरी दम असण्याची शक्यता असते. तिने ती समजूत आणखी घट्ट केली, वर धावपळ करण्याचं समाधानही दिलं, तर संशय घ्या. मी यापलीकडे जास्त पक्की खूण सांगू शकत नाही.

अर्ध्या डब्याबद्दल मला तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे. 'दादर गेल्यावर अचानक सुचला' असं तुम्ही लिहिता, आणि लगेच पुढच्या वाक्यात लिहिता की वहिनी बरेच दिवस तेच सांगत होत्या. ही दोन वाक्यं तुम्ही एकापुढे एक लिहिलीत आणि तुम्हाला काही खटकलं नाही!

यात तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही. १९३१ साली नॉर्मन मायर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. खोलीत छतापासून दोन दोऱ्या लोंबतात. त्यांची टोकं एकमेकींना बांधायची. पण एक दोरी हातात धरून दुसरीपर्यंत हात पोचत नाही. खोलीत पक्कड, काठ्या, असं बरंच सामान पडलेलं असतं. युक्ती अशी की एका दोरीच्या टोकाला पक्कड बांधायची, तिला झोका द्यायचा, दुसरी दोरी धरून उभं राहायचं आणि झोका जवळ आला की पकडायचा. बऱ्याच लोकांना हे सुचेना. मग मायर खोलीतून सहज चालल्यासारखा जायचा आणि जाता जाता एका दोरीला धक्का लावून ती हलवायचा. त्यानंतर एका मिनिटाच्या आत बऱ्याच जणांना उत्तर सापडलं. कसं सुचलं असं विचारल्यावर, ज्यांना उत्तर एकदम अख्खं सुचलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी मायरच्या धक्क्याचं नावसुद्धा काढलं नाही. एक जण तर स्वतः मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी सांगितलं, मला झाडांवरून झोके घेत नदी ओलांडणारी माकडं डोळ्यांसमोर दिसली!

वहिनींनी तुमची दोरी हलवली होती. तुम्हाला दादरला माकडं दिसली.

श्रेय कुणाचं, हा वाद मला घालायचा नाही, तो तुम्ही घरी घाला. मला काळजी पुढच्या भागाची वाटते. कल्पना आपल्या डोक्यातून, एकांतात, अचानक येतात असं एकदा मानलं, की माणूस पुढची कल्पना तिथेच शोधायला जातो. रात्री दोनला छताकडे बघत बसतो. आणि जी बाई रोज संध्याकाळी काउंटरला बसून कोण काय उरवतं, कोण भाव विचारून परत जातं, कोण किती दिवसांनी आलं हे बघते, तिची 'कुरकुर' होते. तुमच्या दुकानात चाललेली एकमेव कल्पना तिच्या कुरकुरीतून आली. मग तिची बाकीची कुरकुर काय आहे? पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत. तुमच्या जागी मी असते तर आज रात्री वही-पेन घेऊन आधी तेच विचारलं असतं, आणि मध्ये एकदाही 'पण' म्हटलं नसतं.

मेट्रोकडे येते. खोदकामाने गिरगावातल्या दुकानदारांचं नुकसान झालं यात शंका नाही, पत्र्यांच्या आड दुकानं वर्षानुवर्षं झाकली गेली होती. पण तुमची समजूत नुसती 'नुकसान झालं' एवढी नव्हती. 'मेट्रो झाली की लोक परत येतील' अशी होती. हे चांगलं होतं, कारण त्यात पुढे काय दिसायला हवं ते ठरलेलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो तीन कफ परेडपर्यंत धावू लागली, गिरगावचं स्टेशन उघडलं. लोक आले नाहीत. म्हणजे परीक्षा झाली आणि समजूत नापास झाली. त्या दिवशी थांबून 'मग कारण दुसरं काही असेल का?' असं विचारायला हवं होतं. तुम्ही लगेच पार्किंग आणि सवय ही दोन नवी कारणं आणलीत, आणि त्यांच्या मागे रिडेव्हलपमेंट उभं करून ठेवलंत. कारण बदललं, पण त्याचा पत्ता तोच राहिला, दुकानाच्या बाहेरचा. रिडेव्हलपमेंटचं काम दहा वर्षं लांबलं तर तुम्हाला दहा वर्षं वही उघडायला नको. मला हे स्पष्ट लिहिताना बरं वाटत नाही, पण तुम्ही विचारलंय.

बाहेरच्या कारणांतही एक तुमच्या हातून सुटलंय, आणि ते पार्किंगपेक्षा बरंच मोठं आहे. तुमचं जुनं गिऱ्हाईक गिरगावात उरलंय का? तुम्ही स्वतः बोरिवलीला राहता. चाळीतली किती बिऱ्हाडं डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला गेली हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. ती माणसं सवय मोडली म्हणून येत नाहीत असं नाही, ती तिथे राहतच नाहीत. आणि टॉवरमध्ये जे राहायला आले त्यांना संध्याकाळी पोळीभाजी लागते की नाही, हे तुम्ही कधी विचारलंय का?

विचारता तेव्हा कुणाला विचारता, हाही मुद्दा आहे. घरी एक खेळ करून बघा. मुलांना सांगा, माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे, दोन-चार-सहा त्या नियमात बसतात. तुम्ही आणखी तीन-तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन, मग नियम ओळखा. पोरं म्हणतील आठ-दहा-बारा. हो. वीस-बावीस-चोवीस. हो. मग छाती फुगवून सांगतील, दोन-दोनने वाढणारे सम आकडे! चूक. नियम एवढाच असतो की आकडे चढत जायला हवेत. एक-सात-शंभरही चाललं असतं. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा खेळ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केला, आणि त्यांतल्याही बहुतेकांनी आधी चुकीचाच नियम सांगितला. 'हो' मिळत गेलं की खात्री वाढत जाते. 'नाही' ऐकू येईल असा आकडा विचारायचं फारच थोड्यांच्या मनात येतं.

काउंटरवर आलेल्या माणसाला तुम्ही 'भाजी कशी होती?' विचारता, तेव्हा तुम्ही आठ-दहा-बाराच म्हणत असता. जो आलाय त्याला आवडतंय म्हणून तर तो आलाय. जे यायचे थांबले आणि अजून चालत येण्याच्या अंतरावर राहतात, त्यांच्याकडे जा. आठवून नावं काढा, दारात उभं राहून विचारा की का सोडलंत. कुणी म्हणेल पोळी जाड झाली, कुणी म्हणेल तेल फार सुटतं, कुणी म्हणेल तुमच्याकडे कार्ड-यूपीआय नीट चालत नाही. ऐकताना कान तापतील, तापू द्या.

आता वही. तुमच्या पत्रात ती अगदी शेवटी आली आहे, पाटीच्या प्रश्नाच्या जरा आधी, जाता जाता. मला पत्रात तेवढंच वाक्य महत्त्वाचं वाटलं.

दादा काही गडबड करतात असं मी सुचवत नाही. तसं म्हणायला मला काहीही आधार नाही, आणि तुम्हालाही नाही. मी एवढंच म्हणतेय की तोट्यातलं दुकान चालवणाऱ्या माणसाला तोटा कुठे होतो हे माहीत नाही, आणि ते माहीत होणार नाही अशी सोय त्याने स्वतःच करून ठेवली आहे. त्या सोयीला तुम्ही 'घरात वाद नकोत' असं चांगलं नाव दिलंय. स्वतःला फसवणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. स्वतःशी खोटं बोलायला कष्ट पडतात, त्यापेक्षा एक खोली उघडायची नाही असं ठरवणं सोपं. मग उरलेल्या घरात माणूस अगदी प्रामाणिकपणे, रात्र रात्र जागून, घाम गाळून शोधत राहतो. तुमच्या कष्टांबद्दल मला शंका नाही, म्हणून तर वाईट वाटतं. टाकी तळाशी गळतेय आणि तुम्ही दरवेळी नवा नळ आणताय.

वहीत काय निघेल? मला तीन-चार शक्यता दिसतात. ॲपचं कमिशन आणि पॅकिंग वजा केलं तर प्रत्येक ऑर्डरमागे तुम्ही पदरचे पैसे घालत असाल. पोळीचा भाव बाबांच्या वेळी ठरला आणि तेल, पीठ, एकोणीस किलोचा सिलिंडर आणि मजुरी वाढली तरी तो तिथेच राहिला असेल. ऑफिसांची उधारी तुंबली असेल. किंवा, आणि हे मी जरा हळू आवाजात लिहिते, दुकान बाबांच्या शेवटच्या वर्षांतही तोट्यात असेल आणि त्यांनी ते तुम्हाला कळू दिलं नसेल. रांगा लागायच्या, तरीही. कदाचित तुम्ही दादांशी होणाऱ्या वादाला तेवढे घाबरत नसाल, या शेवटच्या शक्यतेला घाबरत असाल. हा माझा अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या.

दादांशी बोलायचं कसं? घरी नको, आईसमोर तर नकोच. दुकान बंद असेल त्या दिवशी, दुकानातच. 'मला हिशेब बघायचाय' असं म्हणालात तर त्यांना ते संशयासारखं ऐकू येईल. 'मी शिकतोय' असं नाटकही करू नका, भाऊ आहेत ते, ओळखतील. जे आहे तेच सांगा: "दादा, मी आजवर दहा गोष्टी करून बघितल्या, पैसे घातले, आणि तोटा नेमका कुठे होतो हे मला अजून माहीत नाही. तुला एकट्याला हे ओढायला लावलं. आपण दोघं बसून बघू." शेवटून दुसरं वाक्य गाळू नका, ते खरं आहे आणि दादांनी ते ऐकायला हवं. वर्षाची वही पहिल्याच दिवशी उघडू नका. एक आठवडा आणि चार जिन्नस घ्या: पोळी, एक भाजी, अर्धा डबा, ॲपवरची एक ऑर्डर. प्रत्येकाला खर्च किती, हातात किती. तेवढ्यानेही बरंच कळेल. वहिनींना बरोबर घ्या. आकडे दादांकडे आहेत, पण त्या आकड्यांचे चेहरे वहिनींना माहीत आहेत.

रात्रीच्या कल्पनांचं काय करायचं? त्या येत राहतील, येऊ द्या, तो तुमचा स्वभाव आहे आणि वाईट नाही. फक्त एक बंधन घाला. पैसे घालण्याआधी सकाळी कागदावर लिहायचं की ही कल्पना खरी असेल तर किती दिवसांत काय दिसेल, आणि काय दिसलं तर मी ती चुकली असं मानेन. कागद वहिनींकडे द्यायचा, म्हणजे नंतर कारण बदलता येणार नाही. पाटीचं हे लिहून बघा. 'नाव जुनाट म्हणून लोक येत नाहीत' हे चूक ठरायला काय दिसावं लागेल? एकेकाळी त्याच नावाच्या पाटीखाली रांग लागायची, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय.

दादांनी वही दाखवायला साफ नकार दिला, तर मला पुन्हा लिहा. तो मग कल्पनांचा प्रश्न राहणार नाही, भागीदारीचा होईल, आणि त्यासाठी माझ्याआधी एखाद्या चांगल्या सीएकडे जावं लागेल.